डावीकडचे चार सूत

माणसं गाडीचं तोंड बघतात. कुशाबा आधी पोट बघतो. गाडी गाळ्यासमोर थांबून मालक उतरेपर्यंत कुशाबा डिलाईल रोडच्या त्या गल्लीत पोतं अंथरून आडवा झालेला असतो, एक डोळा मिटून. मालकाला त्याचे फक्त पाय दिसतात, आणि गाडीखालून आवाज येतो, "मागचा मेन पाटा गेलाय. आणि तू ब्रेक उशिरा दाबतोस."

पाटे म्हणजे चाकांच्या वर, एकाखाली एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या दिसतही नाहीत. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने त्यांची गोलाई जाते आणि त्या सपाट होतात. कुशाबा म्हणतो, "पाटा माणसासारखाच थकतो. आधी कुरकुरतो, मग गप्प होतो. गप्प झाला की समजायचं, आता माझ्याकडे आणायला हवा." मग तो पाटा उतरवतो, रुळाच्या तुकड्यावर ठेवतो आणि भट्टीत न घालता, थंडच ठोकून त्याला गोलाई देतो. हातोडा नऊ रत्तली. मामाचा. गाळाही मामाचाच. गल्लीतल्या गिरण्या गेल्या, भोंगे गेले, पण खड्डे राहिले. आणि खड्डे आहेत तोवर पाटे आहेत, या हिशेबावर कुशाबाची एक्केचाळीस वर्षं निघाली.

पण गल्लीत त्याचं नाव हातोड्यापेक्षा सोलकढीमुळे जास्त.

झालं होतं असं, की लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्याने एका टॅक्सीचे पाटे केले आणि त्याच टॅक्सीतून नव्या नवरीला माहेरी, भोईवाड्याला, घेऊन निघाला. शेवंती मागे डावीकडे बसली. मांडीवर आईसाठी सोलकढीचं पातेलं. टॅक्सी करी रोडचा पूल चढली, उतरली आणि कढी तिच्या लग्नातल्या साडीवर आली. कुशाबाला वाटलं, आता ही रडणार. ती पातेल्यात बघत म्हणाली, "तुमची गाडी डावीकडे दबता."

परत आल्यावर कुशाबाने डावा पाटा उतरवला, चार हातोडे जास्त मारले, आणि तिला पुन्हा बसवलं. कढी हलली नाही. त्या दिवसापासून नियम झाला. गाडी कुठलीही असो, शेवटी शेवंती मागे डावीकडे बसणार, मांडीवर बिनझाकणाचं पातेलं घेणार. भोईवाड्यापर्यंत जायचं, कोर्टाच्या अलीकडे वळायचं आणि परत. ती "दबता" म्हणाली की पाटा पुन्हा खाली. ती "जावंदे" म्हणाली की गाडी गेली. टॅक्स्या झाल्या, टेम्पो झाले, पाण्याचा टँकर झाला. एकदा शववाहिका आली होती. तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं, की बसायचं की आडवं व्हायचं. तिच्या प्रत्येक साडीवर गुलाबी डाग आहेत आणि कुठला डाग कुठल्या गाडीचा हे ती सांगू शकते.

तरुणपणीच्या जोशात कुशाबा एकदा सगळ्या चाळीसमोर बोलून बसला होता : "ज्या दिवशी शेवंती बसणार नाही, त्या दिवशी हातोडा खाली ठेवीन." चाळ भाडं द्यायला विसरते, अशी वाक्यं विसरत नाही.

विनीत आला तो ऑक्टोबरात. गिरगावातला दातांचा डॉक्टर, पस्तिशीतला, पोटापुरता बोलणारा. त्याची जीप मात्र बोलकी होती. करी रोडच्या पुलापासून ऐकू आली. आजोबांनी सैन्याच्या लिलावात घेतलेली, एकोणीसशे चौसष्ट सालची, चारही चाकांना जोर असलेली. विनीतला आणि त्याच्या चार दोस्तांना रविवारी घाटात जाऊन दगडाधोंड्यांवरून गाड्या चढवायचा नाद होता.

"काका, तीन इंच उचलून हवी," तो म्हणाला. "मोठे टायर घातलेत, ते मडगार्डला घासतात. दगडावर पोटही लागतं."

"का, रस्ता नाही का तिथे?"

"रस्ता नाही म्हणूनच जातो ना आम्ही."

कुशाबाने गाडीखालून मान बाहेर काढून त्याच्याकडे नीट बघितलं. आयुष्यभर लोक रस्ता वाईट म्हणून त्याच्याकडे आले होते. रस्ता मुळीच नको म्हणणारा हा पहिला.

"इंटरनेटवर सांगतात, नुसत्या शॅकल लांब टाकल्या की काम होतं," विनीतने सुचवलं. शॅकल म्हणजे ज्या कडीने पाटा गाडीला लटकतो ती.

"होतं ना. बाई उंच टाचा घालते तेव्हा उंच होतेच की. पण तिला त्या दगडांवर पळवशील काय? तू दाताला नुसती टोपी घालतोस की आधी मूळ बघतोस?"

विनीतने मान खाली घातली. त्यानंतर त्याने इंटरनेटचं नाव काढलं नाही.

अकरा दिवस कुशाबा त्या जीपखाली होता. पाट्यांना गंजाने एकमेकांशी जोडून टाकलं होतं. साठ वर्षांचं लग्न, सोडवता सोडवेना. प्रत्येक पाट्यावर त्याने खडूने नंबर घातला, एकेक रुळावर घेतला, ठोकला, डोळ्यासमोर धरला, पुन्हा ठोकला. प्रत्येक बाजूला एक नवा पाटा वाढवला. शॉकअपही जास्त लांबीचे आणवले. बाराव्या दिवशी जीप जमिनीवर सोडली तेव्हा ती बरोबर तीन इंच उंच उभी होती. पाणी साचलेल्या गल्लीत बाई साडी वर धरून उभी राहते, तशी. गल्ली बघायला आली. कुशाबाने हात पुसले, आणि समोरच्या चाळीकडे वळून हाक मारली, "शेवंते, पातेलं आण!"

शेवंती आली. तळमजल्यावरच्या आपल्या खोलीतून ओट्यावर, ओट्यावरून बाजूच्या पायऱ्यांनी खाली, कठडा धरून, एक पाय टेकवून मग दुसरा. दोन वर्षं तिचा उजवा गुडघा तिच्याशी भांडत होता. जीपच्या मागचं फळकूट खाली पाडलं होतं. ते तिच्या कमरेच्या वर येत होतं. तिने पातेलं कुशाबाच्या हातात दिलं, फळकुटाला हात लावला, पाय उचलला आणि परत खाली ठेवला.

 वरच्या कठड्यांवर आणखी माणसं येऊन रेलली.

"स्टूल आणू?" कुशाबाने हळूच विचारलं.

"आणा. आणि बँडवाल्यांका पण सांगा. लोक जमलेतच."

"तसं नाही गो, मी आणि विनीत धरतो ना दोन्ही बाजूंनी..."

"मी काय कपाट आहे?"

पातेलं घेऊन ती परत गेली. पहिल्या मजल्यावरून कांता, जिचा आवाज चाळीचा दुसरा भोंगा होता, कठड्यावर रेलून म्हणाली, "काय मग कुशाबा, हातोडा ठेवताय ना खाली?"

त्या दुपारी जेवताना कढी वाढली गेली. गाडीत बसायला केलेली कढी ताटाशेजारी बघून कुशाबाने वाटी जरा लांब सरकवली. शेवंती समोर बसून मासळीचे काटे काढत होती. आयुष्यभर ठोकलेल्या सगळ्या पाट्यांत तिच्या गुडघ्याचा पाटा आपल्या नजरेतून कसा सुटला, असं काहीतरी त्याच्या मनात येत होतं. तिने मान वर केली.

"काय बघतासात?"

"काय नाय."

बुधवार होता. शनिवारी पहाटे विनीतला निघायचं होतं. शेवंतीच्या शब्दाशिवाय गाडी सोडायची नाही. आणि ती बसणार नसेल तर हातोडाच खाली. कुशाबा पोलादातला माणूस. त्याला माहीत होतं की काही गोष्टी मोडायच्या नसतात, वाकवायच्या असतात. संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना तो सहज म्हणाला, "तुझं वजन किती गो?"

"कशाक? माका इकूक काढलात?"

उत्तर वरून आलं. "बावन्न!" कांता म्हणाली. "परवा दवाखान्यात माझ्यासमोर काट्यावर उभी होती."

गुरुवारी सकाळी नाक्यावरच्या मनू वाण्याकडून पन्नास किलो तांदळाचं पोतं आणि वर दोन किलो तूरडाळ आली. जीपच्या मागच्या डाव्या बाकावर पोतं बसवलं, डाळीची पिशवी त्याच्या डोक्यावर. कुशाबा गल्लीत आडवा झाला, एक डोळा मिटला. डावी बाजू किंचित दबलेली. त्याला बरं वाटलं. सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. त्याने डावा पाटा उतरवला, चार हातोडे जास्त मारले, परत चढवला. आता गाडी ओळंब्यात होती, दोन्ही बाजू सारख्या. तो पोत्याकडे बघत उभा राहिला. "जावंदे" म्हणायचं काम राहिलं होतं. तांदळाने काही म्हटलं नाही.

ओट्यावरून आवाज आला, "कुठला तांदूळ?"

कुशाबा दचकला. शेवंती दारात उभी होती. "कोलम," तो म्हणाला.

"एक्केचाळीस वर्षं बसले तुमच्या गाड्यांत. निदान बासमती तरी ठेवायचात." आणि दार लागलं.

विनीत आला तो मोजपट्टी घेऊनच. टायर आणि मडगार्डमध्ये किती जागा राहिली ते त्याला बघायचं होतं. पोतं त्याने उतरवून बाजूला ठेवलं, उजव्या मागच्या चाकाजवळ मोजलं, डाव्या मागच्या चाकाजवळ मोजलं. मग पुन्हा उजवीकडे गेला. दातांचे डॉक्टर दुखणारा दात सापडल्यावर जसा चेहरा करतात, तसा त्याचा चेहरा झाला.

"काका, रागावू नका. डावी बाजू अर्धा इंच वर आहे."

"अर्धा इंच म्हणजे चार सूत," कुशाबा शांतपणे म्हणाला. "माझ्या हातून एका सुताचाही फरक होत नाही. पट्टी चिनी असेल तुझी."

त्याने स्वतःची पट्टी आणली. मामाच्या वेळची, लाकडी, घडीची. चार सूत. पट्टी उलटी धरून मोजलं. चार सूत. तो उठला आणि नाक्याकडे चालू लागला. विनीत मागे. मनूचा टेम्पो रिकामा उभा होता. चार वर्षांपूर्वी पाटे कुशाबानेच केलेले. मागे डावीकडे दोन सूत वर. पानवाल्यासमोर टॅक्सी उभी होती. तीन सूत. ड्रायव्हर आत झोपलेला, त्याला खाली उतरवून पुन्हा मोजलं; तीनच. पाण्याचा टँकर एवढा अवजड, पण त्यालाही अर्धं सूत होतंच, आणि तेही डावीकडेच. गल्लीतून दुपारच्या उन्हात एक म्हातारा वाकून वाकून गाड्यांची मापं घेत फिरत होता, आणि ज्या ज्या गाडीवर त्याचा हात फिरला होता ती प्रत्येक गाडी डावा खांदा किंचित उडवून उभी होती.

"तुला माहीत होतं?" त्याने मनूला विचारलं.

"सगळ्या नाक्याला माहीत आहे," मनू म्हणाला. "कुशाबाची गाडी डावीकडे वर. पण बरंच पडतं हो काका. रस्ता गटाराकडे उतरता असतो ना, मग चालताना सरळ होते. आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दामच ठेवता. अनुभवाने."

कुशाबा परत येऊन रुळाच्या तुकड्यावर बसला. हातोडा पायाशी होता. त्याने उचललाही नाही, सरकवलाही नाही. शेवंती डावीकडे बसायची. ती बसली की तिच्या वजनाने गाडी डावीकडे दबायची. ती "दबता" म्हणायची. तो डावा पाटा उचलायचा. इतकं साधं. एक्केचाळीस वर्षं ज्याला तो गाडीचा दोष समजत होता ती त्याची बायको होती. या मुंबईत त्याने सोडलेल्या शेकडो गाड्या तिच्यासाठी सरळ होत्या आणि ती त्यांच्यातून केव्हाच उतरून गेली होती. तिची जागा तेवढी वर राहून फिरत होती, रिकामी.

"कळलं एकदाचं?" शेवंती ओट्याच्या कडेला येऊन उभी होती.

त्याने मान वर केली. "तुला ठाऊक होतं?"

"माझ्या वजनाने गाडी दबते, हे माका कळूचा नाय?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर माका उठवून तांदूळ ठेवला असतात."

कुशाबाने उगीचच पट्टीची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. शेवंती त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, पण डोळे हसत नव्हते. ती जीपकडे वळली. मग पायाखाली बघितलं. मग परत जीपकडे.

"डाक्टर," ती विनीतला म्हणाली, "गाडी उलटी घे. पाठ लाव ओट्याला."

"ओट्याला?" कुशाबा उठला. "पाण्याच्या पाइपावर सिमेंटचा उंचवटा आहे तिथे. ओट्याशी गाडी कधी लागत नाही. पोट आपटतं."

"खालच्या गाड्यांचं आपटतं. तीन इंच कशाक वर केलात? नुसतं दगडावर चढूक?"

विनीतने जीप सुरू केली. गल्लीने "येऊ दे, येऊ दे" सुरू केलं; मुंबईत गाडी मागे घेताना प्रत्येक माणूस वाहतूक अधिकारी असतो. कुंड्या हलवल्या गेल्या, कांताच्या वाळत घातलेल्या पापडांची चादर गुंडाळली गेली. मागची चाकं उंचवट्यावर चढली. कुशाबा आडवा झाला. गाडीचं पोट आणि सिमेंट यांच्यात तीन बोटं अंतर होतं. चाकं पलीकडे उतरली, आणि खाली पाडलेलं फळकूट ओट्याच्या कडेला येऊन टेकलं, जणू ओटाच दोन हात पुढे वाढला.

शेवंतीने पातेलं घेतलं. बिनझाकणाचं. आणि स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यावं तशी ती चालत जीपमध्ये गेली आणि मागे डावीकडे बसली.

कुशाबाने पट्टी लावली. उजवीकडे. डावीकडे. पुन्हा उजवीकडे. एका सुताचाही फरक नव्हता.

"ओळंब्यात आहे," तो गाडीखालूनच म्हणाला.

"मग चला. कढी तापता हय."

विनीत चालवायला, शेजारी कुशाबा, मागे शेवंती. करी रोडचा पूल आला. कुशाबा सवयीने मागे वळून पातेल्याकडे बघत होता. जीप चढली, उतरली. कढी काठापर्यंत आली, विचार बदलला आणि परत गेली. लालबागच्या नाक्यावर एक खड्डा विनीतने चुकवायला घेतला, तर कुशाबा ओरडला, "चुकवतोस काय! त्याच्यासाठीच आलोय!" खड्ड्यातून गाडी गेली. थेंबही नाही.

"काका, हे तर सिल्क झालंय," विनीत म्हणाला.

"परत गेल्यावर तुझे ते चार सूत काढून देतो. तासाभराचं काम आहे. रिकामी गाडीसुद्धा सरळ उभी राहील."

"आज नाय काढूचे," मागून आवाज आला. "आज मी बसलंय."

भोईवाड्याचं वळण दिसू लागलं. विनीतने वेग कमी केला आणि हात बाहेर काढला.

"वळव नको," शेवंती म्हणाली.

"शेवंते, टेस्ट झाली," कुशाबा म्हणाला. "तू अजून जावंदे म्हटलं नाहीस, तेवढंच राहिलंय."

"तुमची झाली. माझी खंय झाली? एक्केचाळीस वर्षं सगळ्या गाड्या भोईवाड्याक वळतत. पुढे काय आसा ता माका बघूचा आसा."

पुढे हिंदमाता होतं. फूटपाथला लागून कापडाची दुकानं, काचेत साड्या नेसवलेल्या पुतळ्या. एवढं तिघांनाही माहीत होतं, शेवंतीलाही. ती तिथे शंभरदा पायी आली होती. पण गाडीतून, सगळ्या टॅक्स्यांच्या वरून, पातेलं मांडीवर घेऊन कधी आली नव्हती. एका दुकानासमोर तिने विनीतच्या पाठीला बोट लावलं. "हय थांबव."

थांबवल्यावर लक्षात आलं, की इथे ओटा नाही. उतरायचं कसं? कुशाबा खाली उडी मारून उभा राहिला, हात पुढे केले, आणि कपाटाची आठवण येऊन मागे घेतले.

"मी नाय उतरत," शेवंती म्हणाली. "त्यांका सांगा, दुकान हय आणा."

आणि दुकान आलं. आधी एक विक्रेता आला, मग दुसरा, कारण हिंदमात्याला जीपमध्ये बसून खरेदी करणारी बाई अजून कुणी पाहिली नव्हती. फळकुटावर साड्या उलगडत गेल्या. मागून टॅक्सीवाले हॉर्न मारत होते, हवालदार शिट्टी वाजवत आला आणि "लवकर आवरा काकू" म्हणून किमतीत लक्ष घालू लागला. शेवंतीने पातेलं कुशाबाच्या हातात दिलं. दोन्ही हातांत पातेलं धरून, भर रस्त्यात, कुशाबा स्थिर उभा राहिला. आता सांडायची नाही, एवढंच त्याला कळत होतं.

"ही पिस्ता बघा काकू, नवीन आहे."

"नको."

"मोरपिशी?"

"नको."

"मग रंग कुठला हवा?"

शेवंतीने वाकून पातेल्यात बोट दाखवलं. "ह्यो."

विक्रेत्याने कढीकडे बघितलं, कुशाबाकडे बघितलं, आणि दुकानाकडे ओरडला, "फिकट गुलाबी, कोकमाचा रंग, सगळ्या काढ!"

तिसरी साडी तिला पसंत पडली. तिने पदर हातावर घेतला, बोट कढीत बुडवलं आणि विक्रेता "अहो, अहो!" म्हणेपर्यंत एक थेंब पदरावर टेकवला. तो थेंब कापडात शिरला आणि दिसेनासा झाला. तिने साडी कुशाबासमोर धरली. त्याने एक डोळा मिटून नीट पाहिलं. डाग कुठे पडला होता, ते त्याला सापडलं नाही.

"जावंदे," शेवंती म्हणाली.